शेजारच्या सीटवरचं पोतं

शाहूपुरीतल्या आमच्या दुकानाच्या काचेमागे दोन गाड्या उभ्या असतात. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबतो, आत येतो आणि विचारतो, "पासिंग हुतंय का ह्येचं?" मी म्हणते, नाही, या गाड्या रस्त्यासाठी नाहीत. शेतात आणि डोंगरात चालवायच्या असतात. यावर दुसरा प्रश्न येतो, "बरं, पन हायवेला किती पळती?" सात वर्षं मी हाच संवाद करते आहे. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. माझं काम बोलायचं आहे आणि मला बोलता येत नाही. लिहून बघते.

गाड्यांबद्दल आधी सांगते, कारण त्या बहुतेकांनी पाहिलेल्या नसतात. दोन्हींना चार जाड टायर असतात. त्यांत हवा कमी असते, म्हणून दगडावरून जाताना टायर दबतो आणि गाडी धरून राहते. पहिलीवर टांग टाकून बसायचं. मोटारसायकलसारखं हँडल, अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर, पुढेमागे ओझं बांधायला लोखंडी जाळी. दुसरीला स्टिअरिंग आहे, शेजारी शेजारी दोन सीट आहेत, त्यांना पट्टे आहेत, वर पाइपांचा पिंजरा आहे आणि मागे छोटा हौदा. आमचे मेकॅनिक मारुतीमामा पहिलीला घोडा म्हणतात, दुसरीला छकडा. कंपनीची नावं लांबलचक आहेत. दुकानात ती मी सोडून कुणी घेत नाही.

दोन्हींतली कुठली घ्यायची, हे ठरवायला मदत करणं हे माझं काम. त्यासाठी एक फॉर्म आहे. त्यात चार प्रश्न आहेत: वाट किती रुंद, चढ किती, ओझं किती, आणि माणसं किती बसणार. घोडा पावणेचार फुटांच्या वाटेतून निघतो, छकड्याला पाच फूट लागतात. घोडा स्वस्त, हलका, कुठेही वळतो. छकडा जड, पण हौद्यात शेणखत घाला, काजूची पोती घाला, कुरकुरत नाही.

फॉर्म साधा आहे, गिऱ्हाइकं साधी नसतात. पन्हाळ्याकडचे एक रिसॉर्टवाले आले होते, त्यांना एवढंच हवं होतं की फोटोत कुठली उठून दिसते. एका दूधवाल्यांनी येताना सहा रिकामे कॅन आणले आणि छकड्याच्या हौद्यात आडवे, उभे, तिरके लावून बघितले. शेवटी म्हणाले, "पाच बसत्यात. सहावा मांडीवर घिऊ." एकांना मिरवणुकीत घोड्यावर उभं राहून जायचं होतं. मी त्यांना सुरक्षिततेचे नियम सांगायला लागले, तर ते मामांकडे वळून म्हणाले, "ओ पावणं, या म्याडम बातम्या देत्यात काय?"

माझं मराठी तसं आहे खरं. शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही नन्सची. घरी आम्ही सगळे मोठमोठ्याने बोलायचो, शाळेत हळू बोलायला शिकले आणि तेच राहिलं. गिऱ्हाइकांशी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवते. ते जुळेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या विषयावर गेलेलं असतं.

आणि लोक घरचं विचारतात. कोल्हापुरात गाडी घ्यायला आलेला माणूस गाडीइतकीच विकणाऱ्याची चौकशी करतो. "कुठलं गाव? घरात कोन कोन हाय?" मी म्हणते, "सगळे आहेत." हे उत्तर बरं पडतं. त्यापुढे कुणी विचारत नाही.

आता पोत्याबद्दल. छकडा डेमोला नेला की शेजारची सीट रिकामी ठेवून चालत नाही. एका बाजूला वजन नसलं की चढावर गाडी कशी वागते ते नीट कळत नाही. म्हणून आम्ही खताच्या जुन्या पोत्यात पन्नास किलो वाळू भरून ठेवली होती. शहराबाहेर एका पडीक रानात डेमो असतो. तिथे मी पोतं शेजारच्या सीटवर बसवायचे, त्याला पट्टा लावायचे आणि चढ चढून दाखवायचे. मामांनी पोत्याचं नाव पावणं ठेवलं होतं. "पावणं बसलं का? पट्टा लावला का पावण्याला?" सात वर्षांत माझ्या शेजारी सर्वांत जास्त वेळ तेच बसलं. पावसाळ्यात जड व्हायचं, उन्हाळ्यात थोडी वाळू सांडायचं. एरवी काही त्रास नव्हता.

घोड्याच्या मागच्या मडगार्डवर एक पिवळं स्टिकर असतं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की मागे कुणालाही बसवू नका. घोड्याची सीट लांब असते, ती दोघांसाठी नाही. चढावर, उतारावर स्वाराला अंग पुढेमागे सरकवता यावं म्हणून ती लांब असते. मागे माणूस बसला की सगळं वजन मागे जातं आणि चढाला गाडी पुढून उचलते.

तीन वर्षांपूर्वी पन्हाळा तालुक्यातल्या एकांनी घोडा घेतला. किल्लीला हळदकुंकू लावून झालं, पेढे वाटून झाले. निघताना ते हसत म्हणाले, "आता आईला मागं बसवून रान दाखवून आनतो." सगळे हसले. मी स्टिकरशेजारीच उभी होते. दुकानात ते स्टिकर वाचता येणारी मी एकटी होते. माझं वाक्य जुळत होतं. ते जुळेपर्यंत गाडी पिकअपवर चढली होती.

महिनाभराने मामा तिकडे सर्व्हिसिंगला गेले आणि परत येऊन हात धुताना म्हणाले, "म्हातारी पडली गं. खुबा मोडला. पोरगं गप गप झालंय." मी विचारलं, कशी पडली? मामा म्हणाले, "कशी म्हंजे? मागं बसलेली."

मुलाने तक्रार केली नाही. तो आम्हाला काहीच म्हणाला नाही. चूक आपलीच, असं त्याने धरलं होतं. ती माझीही होती हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नाही. घरी सांगण्यासारखं कुणी नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक डिलिव्हरीला ते स्टिकर मराठीत वाचून दाखवायला लागले. लोक पेढे खात खात ऐकायचे.

या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी शाहूवाडीकडून तिघं आली. पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणत होते, त्यांचे धाकटे भाऊ बापू आणि आबांची बायको, ज्यांना मी पुढे काकी म्हणायला लागले. पुरुष दोघं गाड्यांभोवती फिरले. काकी दाराशेजारच्या बाकावर बसल्या. आमच्याकडे त्या बाकावर नेहमी कुणीतरी बसलेलं असतं. बायको, आई, बहीण. त्यांच्यासाठी चहा येतो, फॉर्म येत नाही.

मी आबांना प्रश्न विचारले. वाट? "साडेचार फूट. सोता मोजलीया." चढ? त्यांनी हात तिरका करून दाखवला. ओझं? काजूची पोती, शेणखत. माणसं किती बसणार?

"मी एकटाच की."

बापू म्हणाले, "वैनी बसंल की कवातरी मागं. मोटारसायकलीवर बसती तशी."

"मागे बसता येत नाही," मी म्हणाले. तेवढ्यात आमचे मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मोठ्या आवाजात पाडव्याचा मुहूर्त सांगायला लागले. त्यात माझं वाक्य बुडालं.

त्याच वेळी मी बाकाकडे पाहिलं. काकी तिथे नव्हत्या. गुडघ्यावर हात टेकत उठून छकड्यापाशी गेल्या होत्या. शेजारच्या सीटवर त्यांनी तळवा ठेवला, दाबून बघितला, गादी खाली गेली, वर आली. मग आबांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांनी हात काढून पदराला पुसला, जणू सीटवर धूळ होती. सीटवर धूळ नव्हती. ती मीच रोज पुसते.

घोडा बुक झाला.

 तिसऱ्या दिवशी अण्णांना म्हणाले, "शाहूवाडीचं रान एकदा बघून येते. छकडा घेऊन."

अण्णांनी चष्मा वर केला. "बुकिंग झालंय की गं. आता रान बघून काय पेरनार हायस?"

"वाट मोजून येते."

"त्येंनी मोजलीया."

"मी पण मोजते." अण्णांशी मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. त्यांनी मामांना हाक मारली आणि पिकअप काढायला सांगितली.

पन्हाळ्याकडचा फाटा त्याच रस्त्यावर लागतो. खुबा मोडलेल्या आजींचं घर तिथून आत आहे. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूला पाहिलं.

आबांचं घर डोंगराच्या पायथ्याला होतं. मागे वाट वर चढत गेलेली, वर काजूची झाडं. आम्ही छकडा उतरवला. आबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ह्यो कशाला आनला? आपली ती दुसरी न्हवं?"

मी सांगितलं, फक्त वाट बघायची आहे. त्यांनी वाटेच्या तोंडाशी नेलं आणि दोन्ही हात पसरून दाखवले. दोन्हीकडून घाणेरीची झुडपं आत आली होती. मी टेप लावला. साडेचार फूट.

"बगा," आबा म्हणाले.

मागून आवाज आला, "हितनं बैलगाडी जायाची की ओ."

काकी दारात उभ्या होत्या. आबा म्हणाले, "तवाचं वायलं."

"तवा काय डोंगूर लांब हुता? लगीन झालं तवा मी गाडीतनंच वर गेलतो, द्येवाच्या पाया पडाया. बैलगाडी गेली, ही टमटम न्हाय जायाची?"

"तू गप बस की."

"गपच हाय. दीड वरीस झालं, गपच बसलोय हितं."

मामांनी कोयता घेतला. घाणेरी तोडत गेले तसा मागचा बांध दिसायला लागला. दोन्हीकडे बांधाचे दगड झुडपांच्या वीतभर मागे होते. पुरुषांनी झुडपापासून झुडपापर्यंत मोजलं होतं. काकींना वाट आठवत होती ती दगडापासून दगडापर्यंत. मी पुन्हा टेप लावला. सव्वासहा फूट. वर एका ठिकाणी बांध ढासळला होता, तिथले चार दगड मामांनी आणि आबांनी बाजूला केले. आबा दगड उचलताना एकदाही माझ्याकडे बघत नव्हते.

काकी तोवर छकड्याभोवती फिरत होत्या. सीटवरचं पोतं बघून थांबल्या. "ह्ये कोन?"

मामा म्हणाले, "आमचं पावणं. म्याडमच्या शेजारी रोज ह्येच बसतंय."

त्या हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "रोज?"

"हो."

"बोलतंय काय?"

"नाही."

"मग आमच्या ह्यांच्यासारकंच हाय," त्या आबांकडे मान हलवून म्हणाल्या. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी पोत्याचा पट्टा काढला. मामांनी ते उचलून घराच्या पुढच्या सोप्यात नेऊन ठेवलं. काकींना मी हात दिला. पायरी उंच होती, गुडघा वाकत नव्हता, पण त्यांनी पिंजऱ्याचा पाइप धरला आणि बसल्या. मी पट्टा लावला. आबा म्हणाले, "मी चालत येतो." ते बाजूच्या पायवाटेने निघाले.

चढ खरंच तिरका होता. मी हळू घेत होते. मध्ये एकदा टायर दगडावरून घसरला, गाडी कलली आणि पुन्हा बसली. काकींनी माझं मनगट धरलं आणि मग सोडलंच नाही. माझ्या शेजारी कुणी घाबरायची मला सवय नव्हती. मी म्हणाले, "पडणार नाही." त्या म्हणाल्या, "पडू दे की. वर तर न्हे."

वर गेल्यावर त्या गाडीतून उतरल्या आणि पहिल्या झाडापाशी उभ्या राहिल्या. तीस झाडं होती, त्यांनी लावलेली. दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून जगवलेली. गुडघ्यामुळे दीड वर्ष त्यांनी ती पाहिली नव्हती. प्रत्येक झाडाला हात लावत गेल्या. रडल्या वगैरे नाहीत, भांडल्या. "ही फांदी कुनी तोडली? बापूनं? हात मोडला त्येचा. ह्या झाडाला वाळवी लागलीया, एका मानसाला दिसली न्हाय." एक झाड वाळलेलं होतं. तिथे त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुढे गेल्या.

मग एका दगडावर बसून मला विचारलं, "घरात कोन कोन असतंय तुझ्या?"

मी 'सगळे आहेत' म्हणणार होते. म्हणाले, "मी एकटीच. वडील गेले. आई भावाकडे असते, बंगळूरला."

त्यांनी अरेरे म्हटलं नाही. "रांधतीस का न्हाय मग?" म्हणाल्या. "एकट्याला रांधू वाटत न्हाय. ही मानसं वर आली की मी बी न्हाय रांधत. च्या पितो न् बसतो."

आबा धापा टाकत पोचले. मी मनात वाक्य जुळवत होते. यावेळी ते पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही. म्हणाले, "आबा, घोडा घेतलात तर काकींना मागे बसवू नका."

"न्हाय वो. कवातरी."

"कधीच नाही. तीन वर्षांपूर्वी मी एक घोडा दिला. ते म्हणाले, आईला मागे बसवतो. गाडीवर लिहिलेलं असतं बसवू नका म्हणून, इंग्रजीत. मला वाचता येत होतं. मी वाचून दाखवलं नाही. त्या आजी पडल्या. खुबा मोडला."

वारा होता, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आबा काकींशेजारी दगडावर बसले. मग विचारलं, "आता कशी हाय म्हातारी?"

"काठीने चालतात, असं ऐकलं."

"ऐकलं?" काकी म्हणाल्या. "तू बगाया न्हाय गेलीस?"

मी मान हलवली.

आबा उठले, ढासळलेल्या बांधाकडे बघत म्हणाले, "मी हिला रोज मागं बसवून आनली असती. रोज." खाली येताना ते पुन्हा चालतच आले, पण या वेळी गाडीच्या मागून, काकींना बघत.

दोन गाड्यांच्या किमतीत फरक बराच आहे, त्यामुळे ते काय ठरवतील हे मला माहीत नव्हतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी आबांचा फोन आला. अण्णांनी घेतला. ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "छकडा धुऊन ठिवा." मग थोड्या वेळाने, "वाट मोजून आलीस त्ये बरं केलंस."

पाडव्याला तिघं आली. चाकांखाली लिंबं ठेवली, काकींनी स्टिअरिंगला कुंकू लावलं, मग शेजारच्या सीटच्या पट्ट्यालाही लावलं. मी सगळ्या सूचना मराठीत वाचून दाखवल्या. बापू म्हणाले, "म्याडम, बातम्या संपल्या का?" काकी म्हणाल्या, "गप ऐक."

पोतं त्यांच्या सोप्यातच राहिलं होतं, हे मधल्या एका डेमोच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं, आणलं नाही का? काकी म्हणाल्या, "मांजर झोपतंय त्येच्यावर. तूच ये न्यायला."

आता डेमोला मी बाकावरच्या बाईला विचारते, शेजारी बसता का म्हणून. बहुतेक जणी आधी नवऱ्याकडे बघतात, मग बसतात. फॉर्ममधला चौथा प्रश्नही मी आता बाकाकडे तोंड करून विचारते. बाकावर कुणी नसेल त्या दिवशी शेजारची सीट रिकामी असते आणि गाडी चढावर थोडी कलते. मामा म्हणतात, दुसरं पोतं भरतो. मी म्हणते, आपलं आहे, आणायचं राहिलंय.

काजूचा हंगाम संपता संपता एका रविवारी मी स्कूटरवरून पोतं आणायला गेले. काकींनी भाकरी केली, वरचं रान दाखवून आणलं. छकडा आबा चालवत होते, मी मागच्या हौद्यात बसले होते, जे पुस्तिकेप्रमाणे चूक आहे. निघताना पोतं मागितलं. काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ते नेलंस तर परत कशाला येशील?" त्याऐवजी त्यांनी माझ्या हातात काजूगराच्या दोन पिशव्या दिल्या. "एक तुला. एक त्या म्हातारीला. वाटंतच हाय म्हनलीस न्हवं ती?"

फाट्यापाशी मी स्कूटर थांबवली. बराच वेळ थांबवली. एका माणसाने विचारलंही, "काय झालं पावणं, प्याट्रोल संपलं काय?" मग आत वळले.

आजी अंगणात खाटेवर बसल्या होत्या, काठी शेजारी टेकवलेली. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. डोळ्यांवर हात धरून त्यांनी विचारलं, "कोन गं?"

मी नाव सांगितलं. मग म्हणाले, "ती गाडी मी दिली होती. मागे बसायचं नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कितपत ऐकू आलं ते मला कळलं नाही. मी तेच पुन्हा मोठ्याने सांगायला तोंड उघडलं.

त्यांनी काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळवा आपटला.

"बस की," त्या म्हणाल्या. "उभी का?"

मी बसले.